एचआयव्हीची तपासणी ओपीडीच्या टेबलावर आणा

संपादक महोदय,

हर्नियाचे ऑपरेशन ठरले की रक्ताच्या चिठ्ठीवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि शुगरच्या खाली 'व्हायरल मार्कर्स' असे दोन शब्द पडतात. त्यांत एचआयव्हीची तपासणी आहे हे रुग्णाला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, मग त्याची संमती घेणे दूरच. त्याच इमारतीत तळमजल्याच्या ओपीडीत कमरेला नागीण उठलेला पस्तिशीचा गवंडी रांगेत उभा असतो. त्याला गोळ्या, मलम आणि 'आठ दिवसांनी दाखवा' एवढे मिळते. पहिल्याची चाचणी न विचारता झाली. दुसऱ्याची व्हायला हवी होती, ती कुणाच्या मनातही आली नाही. राज्यातल्या सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या रुग्णालयांत हे सर्रास दिसते. एचआयव्हीची तपासणी डॉक्टरला स्वतःची काळजी वाटते म्हणून होते, रुग्णाच्या लक्षणांवरून होत नाही, हे आमचे म्हणणे आहे. आणि हे बदलता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

एड्स आता मागे पडला असा समज पसरला आहे. 'नॅको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतले ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात. इतर कुठल्याही राज्यात एवढे नाहीत. उपचार मात्र पूर्वीचे राहिलेले नाहीत. २०१७ पासून सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) किती आहे याची अट न ठेवता पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधे, दिली जाते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत येतात. रोज एक गोळी, आणि ती एआरटी केंद्रावर फुकट मिळते. गोळी नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) दबलेला राहिला की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एवढे हाताशी असताना माणूस सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्यावर, मेंदूज्वर किंवा धाप लागणारा न्यूमोनिया घेऊन वॉर्डात येतो. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले जुने केसपेपर असतात, ते वाचले की सगळे कळते. तोंडातल्या पांढऱ्या थरासाठी दातांच्या डॉक्टरकडे, जुलाबासाठी गावातल्या दवाखान्यात, नागिणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात. सगळीकडे इलाज झाला, तपासणी कुठेच सुचवली गेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की कोणत्या तक्रारीत एचआयव्हीची तपासणी सुचवायचीच याची यादी ओपीडीच्या प्रत्येक टेबलावर काचेखाली असावी. क्षयरोग तर आहेच. फुप्फुसाचा असो, गाठींचा असो वा पाण्याचा, प्रत्येक टीबी रुग्णाची एचआयव्ही तपासणी व्हावी हे राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे. पण खासगीत औषध घेणारे आणि गाठींचा टीबी म्हणून सर्जनकडे गेलेले यांतून निसटतात. त्यानंतर तरुण वयातली नागीण, मधुमेह किंवा स्टिरॉइड यांपैकी काही नसताना मोठ्या माणसाच्या तोंडात जमलेला पांढरा बुरसा, महिन्याहून जास्त चाललेले जुलाब किंवा ताप, दहा टक्क्यांहून अधिक उतरलेले वजन, वर्षात दोनदा झालेला न्यूमोनिया, मान-काख-जांघेत एकदम आलेल्या गाठी. गुप्तांगावरची जखम, स्राव किंवा चामखीळ असलेल्या प्रत्येकाची व्हावी, आणि बाईच्या अंगावरून पुन:पुन्हा पांढरे जात असेल, गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष निघाला असेल तर तिचीही. हिपॅटायटिस बी किंवा सी निघालेल्यांचीही.

यांत एक लक्षण आपल्याकडे पावसाळ्यात हमखास चुकते. जुलै ते ऑक्टोबर या काळात प्लेटलेट्स कमी दिसल्या की डेंग्यू धरला जातो. डेंग्यू असेल तर ताप उतरल्यावर त्या आठवडाभरात वर येतात. पंधरा दिवसांनी पुन्हा सीबीसी केल्यावरही त्या लाखाच्या खालीच असतील, सोबत पांढऱ्या पेशीही कमी असतील, तर डेंग्यूच्या पलीकडे पाहायला हवे आणि त्यात एचआयव्ही पहिल्या काही तपासण्यांत असायला हवी. ही दुसरी सीबीसी बहुतेक ठिकाणी होतच नाही. रुग्णाला बरे वाटते, तो येत नाही, डॉक्टरही बोलावत नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. नुकतीच लागण झालेल्या माणसाला दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी असा त्रास होऊ शकतो. तेव्हा प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून बोटातल्या रक्ताची साधी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आजचा निगेटिव्ह अहवाल मागच्या तीन महिन्यांतल्या धोक्याबद्दल खात्री देत नाही. अहवाल हातात देताना 'पुन्हा अमुक तारखेला या' असे केसपेपरवर तारीख घालून लिहिले नाही तर निगेटिव्ह हा शब्द त्या माणसाला फसवतो.

आता विचारायचे कसे? इथेच बहुतेक डॉक्टर अडतात. कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि चाचणीआधी-नंतर समुपदेशन बंधनकारक आहे, म्हणजे अर्धा तास लागणार, समोर सत्तर जण उभे आहेत, त्यापेक्षा नकोच, असा हिशेब होतो. चाचणीआधी जे सांगायचे ते एका मिनिटात सांगता येते. सोबतच्या माणसाला 'जरा केसपेपरवर शिक्का मारून आणा' म्हणून बाहेर पाठवावे आणि साध्या शब्दांत सांगावे: "तुम्हाला झालेली नागीण अंगातली ताकद कमी झाली की उठते. ती का कमी झाली ते बघायला आपण शुगर आणि एचआयव्ही दोन्ही तपासतो. हा त्रास असलेल्या सगळ्यांचंच तपासतो. रिपोर्ट तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. काही निघालंच तर औषध सरकारी केंद्रात फुकट आहे. नको असेल तर तसं सांगा, बाकीचे उपचार थांबणार नाहीत. काढायचं ना रक्त?" यातले 'सगळ्यांचंच' फार महत्त्वाचे. आपल्यावरच संशय घेतला असे त्या माणसाला वाटले की तो उठून जातो. 'बाहेर कुठं जाता का?' हा प्रश्न बायकोसमोर, सगळ्यांत आधी टाकला की संमतीचे दार तिथेच बंद होते. रुग्ण नको म्हणाला तर केसपेपरवर तेवढीच नोंद करावी आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारावे. दुसऱ्या वेळी हो म्हणणारे बरेच असतात. सविस्तर बोलायची गरज अहवाल रिअॅक्टिव्ह (लागणीची शक्यता दाखवणारा, पण खात्री व्हायची आहे असा) आल्यावर लागते, आणि त्यासाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रातला (आयसीटीसी) समुपदेशक आहेच.

चाचणी सोपी आहे, म्हणूनच तिच्यात चुका होतात. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन जी एक चाचणी करतात तिचे किट साधारण २ ते ३० अंश तापमानात ठेवायचे असते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि किटांचा खोका पत्र्याच्या छताखालच्या औषध भांडारात पडलेला असतो. लसींच्या आयएलआरमध्ये (लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये) लसींखेरीज काही ठेवायचे नाही असा नियम आहे, तो योग्यच आहे. तेव्हा प्रयोगशाळेला स्वतःचा लहान फ्रिज लागतो आणि तो अनेक केंद्रांत नाही किंवा बंद पडलेला आहे. फ्रिजमधून काढलेले किट लगेच फोडू नये. पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर पट्टीवर ओल धरते. फोडल्यावर मात्र ताबडतोब वापरावे. टोचण्याआधी पट्टीवर रुग्णाचा क्रमांक मार्करने लिहावा. गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी टेबलावर दहा-बारा पट्ट्या ओळीने मांडल्या जातात आणि क्रमांक नंतर टाकू म्हटले की अदलाबदल होते. या चुकीची किंमत दोन बायका मोजतात.

बोट स्पिरिटने पुसल्यावर ते वाळू द्यावे, ओल्या बोटाच्या रक्तात स्पिरिट मिसळते. पहिला थेंब कापसाने टिपून टाकावा, दुसरा घ्यावा. नळीतले रक्त खुणेपर्यंतच हवे. कमी पडले तर रेघ उमटत नाही, जास्त झाले तर पट्टी लाल होते आणि काहीच वाचता येत नाही. त्याच किटमधले बफर (पट्टीवर टाकायचे द्रावण) वापरावे, मागच्या लॉटमधले उरलेले नको. मग घड्याळ लावावे. बऱ्याच किटांत १५ ते २० मिनिटांनी वाचायचे असते, नेमका वेळ किटच्या कागदावर छापलेला असतो. सिस्टरना मध्येच लसीकरणाला बोलावले, त्या पाऊण तासाने परत आल्या आणि तेव्हा पट्टी वाचली, तर उशिरा उमटलेली फिकी रेघ नसलेला आजार दाखवू शकते. वेळेत दिसलेली फिकी रेघ मात्र रिअॅक्टिव्हच धरायची, 'अगदी पुसट आहे' म्हणून सोडायची नाही. कंट्रोलची रेघ (पट्टी नीट चालल्याची खूण) आली नाही तर ती चाचणी झालीच नाही, नव्या पट्टीवर पुन्हा करायची. खिडकीशी, चांगल्या उजेडात, जमल्यास दोघांनी वाचावे.

आणि एक रेघ म्हणजे एचआयव्ही नव्हे. साधा हिशेब करून पाहा. हजार लोक तपासले आणि आपल्याकडच्या प्रमाणानुसार त्यांत दोघांना खरोखर लागण आहे. चाचणी ९९.५ टक्के अचूकपणे निगेटिव्ह सांगते असे धरले तरी उरलेल्या ९९८ जणांत पाच जण नाहक रिअॅक्टिव्ह दिसतील. म्हणजे सात रिअॅक्टिव्ह पट्ट्यांपैकी खऱ्या दोन. म्हणूनच 'नॅको'च्या पद्धतीत वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या करतात, तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात, आणि मेळ बसला नाही तर १४ ते २८ दिवसांनी नवा नमुना घेतात. आरोग्य केंद्रात झालेली एक चाचणी ही चाळणी आहे. खासगी प्रयोगशाळेने एकाच यंत्रावर केलेला आणि पाकिटात घालून दिलेला 'पॉझिटिव्ह' अहवालही चाळणीच आहे. तो वाचून घर मोडायच्या गोष्टी सुरू होतात, कधी ठरलेले लग्न मोडते, आणि पुढे तीन चाचण्यांत निगेटिव्ह येते. खासगी प्रयोगशाळांनी अशा अहवालावर 'खात्रीसाठी आयसीटीसीत जावे' हे ठळक मराठीत छापावे आणि तो कागद रुग्णाखेरीज कुणाच्या हाती देऊ नये.

सगळ्यांत जास्त माणसे गळतात ती यानंतर. आरोग्य केंद्रात पट्टी रिअॅक्टिव्ह आली, 'ग्रामीण रुग्णालयात जाऊन खात्री करा' असे सांगितले, आणि माणूस गेलाच नाही. त्याला पंचवीस-तीस किलोमीटर जायचे असते, एक दिवसाची मजुरी बुडणार असते, एसटी दिवसातून दोनदाच असते आणि मनात भीती भरलेली असते. यावर उपाय आहेत. पूर्वपरवानगीने शिरेतले रक्त काढून, सीरम वेगळे करून, थंड डब्यातून नमुनाच पाठवता येतो. नियमित पाठवल्या जाणाऱ्या थुंकीच्या नमुन्यांच्या गाडीबरोबर तो जाऊ शकतो. माणसाला पाठवायचेच असेल तर त्याच्या देखत समुपदेशकाला फोन लावावा, नाव न घेता वेळ ठरवावी, आणि त्या दिवशी तो पोचला का ते संध्याकाळी विचारावे. खात्री झाल्यावर एआरटी शक्यतो सात दिवसांच्या आत सुरू व्हावी, तयारी असेल तर त्याच दिवशीही. फक्त डोकेदुखी, मान आखडणे, भ्रम अशी मेंदूज्वराची लक्षणे असतील तर आधी तो तपास. त्यात घाईने सुरू केलेली एआरटी जिवावर बेतू शकते. जोडीदार आणि मुले यांची तपासणी याच टप्प्यावर सुचवायची, पण त्या माणसाला विचारून, त्याच्या सवडीने.

गरोदर मातांबाबत व्यवस्था सर्वांत चांगली आहे. पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्हींची तपासणी होते. छिद्रे आहेत ती गरोदर बाईच्या फिरण्यात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहते. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे तोडणीला जाणारे मजूर जोडपे, दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून निघतो तो मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. उसाच्या फडावर राहणाऱ्या गरोदर बाईचे नाव तिथल्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये नसते आणि गावच्या आशाताईंना ती कुठल्या कारखान्यावर आहे हे माहीत नसते. म्हणून मुकादमाच्या टोळ्या उतरल्या की पहिल्या पंधरवड्यात फडावर जाऊन राहिलेल्या तपासण्या करून घेणे हे कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राचे काम ठरवून द्यावे. अहवाल नसलेली बाई रात्री दोन वाजता प्रसूतीसाठी आली तर चाचणी प्रसूतिगृहातच, सिस्टरनी, तिला विचारून करावी. त्यासाठी किट प्रसूतिगृहात हवेत. आज ते प्रयोगशाळेच्या कुलुपात असतात आणि किल्ली टेक्निशियनबरोबर घरी गेलेली असते. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, औषधे वेळेत मिळाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळाचे औषध जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करायचे असते, म्हणून ती रात्र वाया जाता कामा नये. पुढे बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे बाळावर साधी पट्टी काही ठरवत नाही. सहाव्या आठवड्यात टाचेतले रक्त गाळण कागदावर घेऊन, सावलीत पूर्ण सुकवून पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूच थेट शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवावे लागते. त्याच आठवड्यात पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस असतो. दोन्ही एकाच खेपेत केले तर आईची एक फेरी वाचते.

शेवटी ऑपरेशनपूर्वीच्या 'व्हायरल मार्कर्स'कडे. सर्जनची आणि सिस्टरची काळजी खोटी नाही, पण निगेटिव्ह अहवाल त्यांना वाचवत नाही. नुकतीच लागण झालेला रुग्ण निगेटिव्ह दिसतो आणि त्याच्याच रक्तात विषाणू सर्वाधिक असतो. वाचवतात ती प्रत्येक रुग्णासाठी सारखी खबरदारी, न वाकवता न झाकता थेट जाड डब्यात टाकलेली सुई, आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस. दूषित सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी लागण्याची ६ ते ३० टक्के. तरीही लस न घेतलेले सफाई कामगार शस्त्रक्रियागृहाचा कचरा उचलतात. सुई टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये, साबण-पाण्याने धुवावे आणि प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत घ्यावा, पुढे २८ दिवस. तो पहिला डोस रविवारी रात्री अपघात विभागात कुठल्या कप्प्यात आहे हे तिथल्या प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.

पॉझिटिव्ह निघालेल्या रुग्णाच्या फाइलवर लाल स्टिकर, खाटेवर पाटी, ऑपरेशन यादीत सर्वांत शेवटचा क्रमांक, किंवा 'आमच्याकडे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात न्या' हे सगळे अजून चालते. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा लागू आहे. संमतीशिवाय चाचणी, संमतीशिवाय माहिती फोडणे आणि एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे यांना त्यात मनाई आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. त्याचे नाव आणि फोन ओपीडीच्या भिंतीवर किती ठिकाणी लिहिलेला आहे, हे वाचकांनी पुढच्या खेपेला जाल तेव्हा पाहावे. घरबसल्या विचारायचे असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

यातले बरेचसे नव्या पैशांविना होते. जिथे पैसा लागतो तिथे तो थोडा आहे: प्रयोगशाळेचा फ्रिज, प्रसूतिगृहातला किटांचा वेगळा साठा, नमुने नेणाऱ्याचा प्रवासखर्च. समुपदेशक आणि टेक्निशियन वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. जागा रिकामी झाली की केंद्राला कुलूप लागते आणि तालुक्याची तपासणी थांबते, तेव्हा त्या जागा भरण्यात महिने घालवू नयेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत किती चाचण्या झाल्या एवढाच आकडा विचारला जातो आणि तो गरोदर मातांच्या तपासण्यांनी सहज भरतो. त्याऐवजी ओपीडी रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवावेत. यादीतली तक्रार घेऊन किती आले, किती जणांना तपासणी सुचवली, किती जणांची झाली, आणि रिअॅक्टिव्ह निघालेल्यांपैकी किती जण एआरटीपर्यंत पोचले. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी हे चार आकडे दर महिन्याला मागावेत, अशी आमची विनंती आहे.

आपले,
ग्रामीण भागात एचआयव्ही तपासणीचे काम करणारे काही समुपदेशक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ